प्राजूला आणायला

२८ फेब्रुवारी, शनिवार
आजपासून रोजनिशी. पुढचे पंधरा दिवस आमच्या घराच्या इतिहासात महत्त्वाचे आहेत आणि इतिहास कुणीतरी लिहून ठेवावा लागतो. बायकोला, रागिणीला सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.

परिस्थिती अशी. प्राजक्ता, आमची एकुलती एक, एमएस्सी झूऑलॉजी, फर्स्ट क्लास. दोन वर्षांपासून गोव्यात, काणकोणच्या पुढे खाजणवाडो नावाच्या खेड्यात समुद्राच्या कासवांची अंडी राखते. कंत्राटी. अमरावतीत कुणी विचारलं पोरगी काय करते, तर मी 'वन्यजीव क्षेत्रात आहे' असं सांगतो. लोकांना वाघ वाटतो. मी दुरुस्त करत नाही.

आमच्या ऑफिसातल्या कुलदीपनं अकोल्याचं स्थळ आणलं आहे. मुलगा श्रावण. पातूर रोडवर स्वतःचं कृषी सेवा केंद्र, मागे बंगला, बाप नाही, आई आहे. रविवार, १५ मार्चला पाहायला या, असं मी सांगून टाकलं. प्राजूला अजून कळवलेलं नाही. फोनवर असलं काही काढलं की ती फोन ठेवते. समोर बसून सांगितल्यावर कुठे जाईल? पुढे समुद्र आहे.

तिकिटं काढली. ७ मार्चला जाताना दोन, १२ला येताना तीन. तिसरं पण कन्फर्म. याला म्हणतात प्लॅनिंग.

रागिणीचं म्हणणं, पोरीले तरी इचारा. बायकांना मोठं चित्र दिसत नाही.

संकल्प : आवाज चढवायचा नाही. स्पर्धा परीक्षेचा विषय काढायचा नाही. स्थळाचा विषय मंगळवारी, मूड पाहून.

५ मार्च, गुरुवार
मार्च एंडिंगला रजा मागणं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढणं. साहेबांनी मान वर न करता सही केली. किती विश्वास! तरी सगळ्यांना बजावलं, अडलं तर कधीही फोन करा, मी समुद्रात असलो तरी उचलीन. कुलदीप म्हणाला, बिनधास्त जा भाऊ.

संध्याकाळी वलगावला मोठ्या भावाकडे जाऊन गोवऱ्या आणल्या. वाळलेल्या, चपट्या, एक नंबर. हे माझं गुप्त अस्त्र आहे. प्राजू लहान असताना शेतात रोडग्यांचा कार्यक्रम असला की तिला पंगतीतून जबरदस्तीनं उठवावं लागायचं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा रोडगा, राख झटकून तुपात बुडवलेला, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे पोटात गेल्यावर माणूस नाही म्हणूच शकत नाही. बुधवारी संध्याकाळी समुद्रकिनारी रोडगे. तिला कळू द्यायचं नाही. गुरुवारी आपोआप बॅग भरेल.

रागिणी म्हणाली, तिकडं काय गाई नाईत का? गाई असतील. पण त्यांच्या गोवऱ्यांवर माझा भरवसा नाही.

७ मार्च, शनिवार. गाडीत
बडनेऱ्याहून वेळेवर निघालो. गोवऱ्या निळ्या सुटकेसमध्ये, रागिणीच्या ठेवणीतल्या साड्यांच्या खाली. तिथे ठेवल्या आहेत हे तिला अजून माहीत नाही. समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी दोनदा नाक वर केलं. मी सांगितलं, आयुर्वेदिक आहे. नंतर त्यांनी बर्थ बदलून घेतला.

ऑफिसातून एकही फोन नाही. नेटवर्क नसेल.

८ मार्च, रविवार. खाजणवाडो
मडगावला उतरलो. महिला दिनाचा एक सुंदर मेसेज सगळ्या ग्रुपवर टाकला, तोपर्यंत रागिणीनं दोन्ही बॅगा बाहेर नेल्या होत्या.

प्राजू आईच्या गळ्यात पडली, मला वाकून नमस्कार केला. काळवंडली आहे. हातापायाच्या काड्या. पण हसते फार. हे मला थोडं खटकलं, कारण माझा अंदाज होता की ती इथे कंटाळली असेल.

ती आंजेलीनबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात भाड्यानं राहते. आम्हाला त्यांनी शेजारची खोली दिली. लाल जमीन, पांढऱ्या भिंती, कोपऱ्यात येशूचा फोटो आणि त्याच्यापुढे अबोलीची वेणी. त्या कोकणी बोलतात, रागिणी वऱ्हाडी. दोघींना एकमेकींचं अर्धं कळत नाही, तरी जेवण होईस्तोवर बोलत होत्या.

समुद्र पाहिला. गाव फार शांत. इतकी शांतता माणसाला चांगली नाही. पोरगी इथे राहून बिघडली यात नवल नाही.

९ मार्च, सोमवार
आजचा दिवस सामाजिक सलोख्याचा होता.

सकाळी एकटाच जुनं चर्च पाहायला गेलो. चारशे वर्षांचं म्हणतात. पोरीच्या गावात आपली छाप पडावी म्हणून पांढरा शर्ट घातला होता. दारात चपला काढल्या. आत कुणी नव्हतं. बाजूला घंटेचा दोर लोंबत होता. देवाच्या दारात गेलं की घंटा वाजवायची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी मनापासून वाजवली. दोन टोल्यांत अंतर ठेवून, शांतपणे. आवाज लांबवर गेला. डोळे मिटून प्राजूसाठी मागणं मागितलं, श्रावणचंही नाव घेतलं.

डोळे उघडले तर लोक येत होते. बायका डोक्यावर पदर, ओढणी घेत. मला वाटलं, एका पाहुण्याच्या भक्तीनं गाव जागं झालं. मी सगळ्यांना नमस्कार केला.

नंतर कळलं की इथे त्या तालात घंटा कुणी गेलं तरच वाजते. गावात एक आजारी म्हातारबुवा आहेत. अर्धं गाव आधी त्यांच्याच घरी जाऊन आलं. ते अंगणात पेज पीत बसले होते. फार चिडले म्हणे. पाद्री सज्जन गृहस्थ, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला बाहेर आणलं. बाहेर माझी एक चप्पल कुत्र्यानं नेली होती.

प्राजू म्हणाली, बाबा, इथं मले रोज तोंड दाखवा लागते. मी म्हटलं, फक्त गुरुवारपर्यंत. ती कुठे लक्ष देत होती.

संकल्प : देवळातली घंटा सोडून कोणत्याही दोराला हात लावायचा नाही.

१० मार्च, मंगळवार
विषय काढण्याचा दिवस. मूड चांगला होता. सकाळी प्राजूनं आम्हाला खाडीत नावेतून फिरवलं. नाव वल्हवायला देवानंद, इथला वनरक्षक. कमी बोलणारा मुलगा. पाणमांजरं दिसतील म्हणाला, आवाज करू नका.

मी त्याला सांगितलं की माझं मेळघाटात जाणं-येणं आहे, जंगलाचे नियम मला शिकवायची गरज नाही. चिखलदऱ्याला मी सतत जातो. वाघ दिसलेला नाही, पण वाघाला मी दिसलो असेन. दूर एक लाकूड तरंगत होतं, मी ते मगर म्हणून दाखवलं. देवानंद हो म्हणाला. पुढे एक मगर दिसली, ती मी लाकूड समजलो. असं होतं.

मग झाडाच्या मुळांपाशी खरोखर पाणमांजरं आली. आई आणि तिच्या मागे पिल्लं, ओली, चकचकीत. रागिणीनं माझा हात धरला. कितीतरी वर्षांनी धरला असेल. तेवढ्यात माझा फोन वाजला. रिंगटोन मोठा ठेवला होता, ऑफिसचा फोन चुकू नये म्हणून. उचलला. एवढ्या दिवसांनी ऑफिसमधून कुणाला तरी आठवण झाली होती.

कुलदीप होता. ऑफिसचं काही नव्हतं. अकोल्याचे पाहुणे रविवारी अकरापर्यंत पोचतात, चार जण आहेत, चालेल का, असं विचारून राहिले. रेंज कमी असल्यामुळे मला ओरडून सांगावं लागलं, येऊ द्या, पोरगी शनिवारपासून घरीच आहे.

पाणमांजरं गेली. देवानंदनं नाव वळवली. वल्हं तेवढं वाजत होतं. किनाऱ्याला लागल्यावर प्राजूनं विचारलं,

"बाबा, तुमी मले भेटाले आले का न्याले आले?"

मी म्हटलं, दोन्ही.

"मंग भेटून घ्या."

आवाज चढवला नाही, हा संकल्प मी पाळला. तिनेही चढवला नाही. त्यामुळे चर्चा सौहार्दपूर्ण झाली असं म्हणायला हरकत नाही. पूर्ण नकार दिलेला नाही. 'नाही' हा शब्द कुठेच आला नाही, मी पुन्हा आठवून पाहिलं.

उद्या रोडगे.

११ मार्च, बुधवार. दुपार
तयारी जोरात. रागिणीला सुटकेस उघडून दाखवली. तिनं आधी साड्यांचा वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. पुढे जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. पण कणीक तिनंच मळली, वांग्याची भाजी आणि वरण तिनंच केलं. शेवटी आई आहे. आंजेलीनबाईंनी वांगी निवडून दिली.

जागा शोधली. किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांसाठी जाळी लावून कुंपण केलं आहे, त्यापासून बरीच लांब, सुरूच्या झाडांच्या आडोशाला. तिथे वन खात्याचा बोर्ड आहे. नीट वाचला. अंधार पडल्यावर टॉर्च, दिवे, मोबाइलचा उजेड करू नये, असं आहे. गोवऱ्यांचा उल्लेख नाही. मी सरकारी माणूस आहे, नियम जसा लिहिला तसा वाचतो.

प्राजूला निरोप ठेवला, काम आटोपलं की सुरूपाशी ये.

११ मार्च, बुधवार. परत आल्यावर
लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

सूर्य बुडता बुडता पेटवलं. वलगावच्या गोवऱ्या, धरायला वेळ लागला नाही. वारा होता, जाळ जरा जास्तच झाला. मी म्हटलं, बसू दे, मग निखारे चांगले होतील. पहिले रोडगे टाकायला वाकलो तर पायाला काहीतरी गार लागलं. पाहतो तर कासवाचं पिल्लू. तळहाताएवढं पण नाही. मी रागिणीला म्हटलं, पाहा, आपल्या स्वागताला आलं. मग दुसरं दिसलं. मग वाळूच हलायला लागली.

त्या भागात एक घरटं होतं, कुणालाच माहीत नसलेलं, म्हणून कुंपणही नव्हतं. ती पिल्लं नेमकी तेव्हाच बाहेर निघाली. अंधारात समुद्राकडे उजेड असतो, ते पाहून ती पाण्याकडे जातात म्हणे. आज त्यांच्या मागे माझा जाळ होता. सगळी माझ्याकडे यायला लागली. इवल्या इवल्या पायांनी, घाईघाईनं, रोडग्याला बोलावल्यासारखी.

प्राजू धावत आली. मला वाटलं आता ओरडणार. तिनं इकडेतिकडे पाहिलं, वरणाचं पातेलं उचललं आणि सगळं वरण जाळावर ओतलं. मग भाजी ओतली. मग पाण्याचा डबा. देवानंद वाळू टाकत होता. मग दोघं गुडघ्यावर बसून चाचपडत पिल्लं टोपलीत गोळा करायला लागली. मी एकाला हात लावायला गेलो तर प्राजू म्हणाली, बाबा, हलू नका, पायाखाली येतीन. मी हललो नाही. बराच वेळ तसाच उभा होतो, हातात कच्चा रोडगा.

एक पिल्लू कणकेच्या परातीपाशी सापडलं. ते रागिणीला सापडलं. प्राजूनं तिला ते पाण्याजवळ वाळूवर सोडायला लावलं, हातानं पाण्यात नाही ठेवायचं, त्याला स्वतः चालू द्यायचं. रागिणी ओणवी होऊन पाहत राहिली. लाट आली आणि ते गेलं. ती लहान पोरीसारखी रडत होती. मी लग्नापासून तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

सगळी वाचली, असं देवानंद म्हणाला. नंतर प्राजू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. केसात वाळू, हाताला वरण.

"दोन वर्षांत तुमी एकदा तरी मले इचारलं का, मी इथं काय करून राहिली?"

मी म्हटलं, तुझ्यासाठीच तर हे रोडगे. ती निघून गेली होती.

मला फार वाईट वाटलं. एवढंच लिहितो.

१२ मार्च, गुरुवार. सकाळ
झोपून उठल्यावर गोष्टी स्पष्ट दिसतात. वन खात्याला माहीत नसलेलं घरटं काल माझ्यामुळे सापडलं. वेगळ्या दृष्टीनं पाहिलं तर हा शोधच आहे. देवानंदला हे सांगितलं. तो हो म्हणाला. तो मगरीलाही हो म्हणाला होता.

१२ मार्च, गुरुवार. मडगाव स्टेशन
दुपारी बॅगा भरायला घेतल्या. माझीच भरली गेली. रागिणीची निळी सुटकेस रिकामी करून उन्हात ठेवलेली. साड्या आंजेलीनबाईंच्या दोरीवर वाळत होत्या. मी म्हटलं, आवर, गाडी सुटेल.

"मी काही येत नाही. महिनाभर इथंच राहीन."

मी विचारलं, आणि रविवारी पाहुण्यांना पोहे कोण करणार? तिनं पोह्याचा डबा कोणत्या फळीवर आहे ते सांगितलं. मला वाटलं चेष्टा आहे. तिनं शेंगदाण्याचा डबा पण सांगितला.

प्राजू स्टेशनपर्यंत सोडायला आली. वाकून नमस्कार केला, पाण्याची बाटली दिली, गाडीत जास्त तळकट खाऊ नका म्हणाली. मी रविवारचं एकदा विचारून पाहिलं. ती म्हणाली, बाबा, गाडी आली.

१३ मार्च, शुक्रवार. गाडीत, मग घरी
तीन बर्थ, मी एकटा. रात्री टीसीनं विचारलं, बाकीचे दोघं कुठे? मी म्हटलं, मागाहून येतात. त्यानं दोन्ही बर्थ एका जोडप्याला दिले.

विचार केला. रागिणीला तिथे ठेवून येणं हीच खरी खेळी आहे. आतून काम करायला आपलं माणूस लागतं. चोवीस तास आईच्या सोबत राहिल्यावर कोणती पोरगी ऐकणार नाही? शनिवारी दोघी विमानानं नागपूरला उतरतील, तिथून टॅक्सी. रविवारी अकराच्या आत घरी. रागिणीला मेसेज केला : विमानाचं पाहा. तिनं कासवाचा फोटो पाठवला.

बडनेऱ्याहून ऑटोनं थेट ऑफिसात डोकावलो. माझ्या टेबलावर कुलदीप बसला होता. सगळी बिलं गेली म्हणाला. कामात थोडी घाई झालेली दिसते.

१४ मार्च, शनिवार
विमान नाही. रागिणी फोन उचलत नाही. दोघी सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर असतात.

कुलदीपला सांगून रद्द करावं का? चारदा नंबर काढला. पण शेवटच्या क्षणी आल्या तर? पाहुण्यांसमोर शोभा नको.

पोहे करून पाहिले. भिजवले ते लगदा झाले. न भिजवता केले ते कडक. मध्यम मार्ग उद्या.

१५ मार्च, रविवार. सकाळी ९
अजून वेळ आहे. कुलदीपला फोन केला, पण तो पाहुण्यांना आणायला अकोल्याला गेला होता आणि त्यांनी मूर्तिजापूर मागे टाकलं होतं. शर्टाला इस्त्री केली. कांदा कापला.

१५ मार्च, रविवार. संध्याकाळ
चौघं आले. श्रावण, त्याची आई मैनाबाई, त्याचा मामा आणि कुलदीप. मुलगा नीटनेटका, नजर खाली. बसले. पंखा लावला. मैनाबाईंनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे घेऊन बाहेर आलो. कपबशा वाजत होत्या.

मुलगी कुठे आहे, त्यांनी विचारलं. गोव्याला, कासवांचं काम आहे. मुलीची आई? गोव्याला, मुलीच्या मदतीला. कुलदीपनं डोळे मिटले. बराच वेळ सगळे पोहे खात होते. मग मैनाबाई, बहुतेक घरून ठरवून आणलेले प्रश्न वाया जाऊ नयेत म्हणून, मला म्हणाल्या,

"पोहे तुमीच केले का?"

हो म्हटलं. स्वयंपाक सगळा येतो का, हे विचारलं. मी सांगितलं, वरण-भात येतो, पोळी शिकून राहिलो. शिवण-टिपण विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

श्रावण पहिल्यांदाच तोंड उघडून बोलला. कासवाविषयी विचारलं. एका वेळी किती अंडी असतात, पिल्लं किती दिवसांनी निघतात, त्यांना कुत्री खातात का, मुलगी तिथे नेमकं काय करते. मनापासून विचारत होता. मी म्हटलं, बरंच काही करते. तो पुढचं ऐकायला थांबला. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. एवढे दिवस तिच्याजवळ होतो, तिच्या हातातली पिल्लं पाहिली, आणि परक्या पोराला सुचलं ते मला सुचलं नव्हतं. लाज वाटली. त्याला आणखी पोहे वाढले.

घरी जाऊन कळवतो म्हणाले. चारच्या सुमारास कुलदीपचा फोन आला. नकार आहे. मैनाबाईंचं म्हणणं, मुलगी पाहायची गरज नाही, बाप पाहिला.

ताबडतोब प्राजूला फोन लावला. रागिणीनं उचलला, प्राजू जाळी बांधून राहिली म्हणाली, काय काम आहे? मी म्हटलं, कासव किती अंडी घालते ते विचारायचं होतं. शंभर-सव्वाशे, तीच म्हणाली. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी निघतात. सगळं पाठ झालं आहे तिचं. मग विचारलं, पाहुण्यायचं काय झालं?

मी सांगितलं, मला नापसंत केलं.

मग तिनं हाक मारून प्राजूला सांगितलं आणि दोघी हसायला लागल्या. फोन ठेवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मीही ठेवला नाही. पोह्याच्या बशा तशाच पडल्या होत्या, त्या उचलता उचलता ऐकत होतो.